सिस्टीम नवी, आवाज फिका: खिशात हात घालण्याआधीची तपासणी

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरी स्टीरिओ सोप्यात असायचा. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तक्तपोशी, त्यावर माळा आणि माळ्यावर मंगळुरी कौलं. अ‍ॅम्प्लिफायर साधाच. दोन मध्यम स्पीकर, एक कोनाड्यात आणि दुसरा तांदळाच्या पोत्यांशेजारी. एवढ्या बेशिस्त मांडणीतूनही डग्गा असा बोलायचा की शेजारचे काका उंबऱ्यावर टेकून ऐकत राहायचे. पुढं हिंदवाडीत स्लॅबचं घर झालं. सगळंच नवं आहे तर सिस्टीम तरी जुनी कशाला, म्हणून दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे स्पीकर आणले. पहिल्या संध्याकाळी चार जणांना बोलावलं, कुंदा वाटला आणि ख्याल लावला. गवई न्हाणीघरात बसून गातोय आणि डग्गा शेजारच्या बंगल्यात वाजतोय असं वाटलं. कुणी काही बोललं नाही. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "जुनंच बरं होतं की ओ."

पुढचे दोन महिने मी भलतंच टोक धरून बसलो. महागडी वायर घेतली, स्पीकरखाली पितळी खिळे लावले, अ‍ॅम्प्लिफायर बदलून मिळेल का म्हणून दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी दमून फुकटातले उपाय एकेक करून पाहिले, तेव्हा उमगलं की जुन्या आवाजातला निम्मा वाटा त्या मातीच्या घराचा होता. गेल्या वर्षी खानापूरच्या भाच्याचा फोन आला, "मामा, एवढे पैसे घातलो आणि आवाज पातळ येऊलालाय." त्याला फोनवर सांगितलेलं सगळं इथं जरा सविस्तर लिहितो. क्रम महत्त्वाचा: जे फुकट आहे ते आधी, जे विकत आणावं लागतं ते शेवटी. आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं फरक पडला हे कधीच कळत नाही. एक वही जवळ ठेवा.

तक्रार आधी शब्दांत पकडा

'मजा येत नाही' ही तक्रार दुरुस्त करता येत नाही. मजा कुठं अडलीय ते सांगता आलं पाहिजे. आवाज पातळ असेल, खालचा भरणा गायब असेल, तर बहुतेक वेळा एका स्पीकरची वायर उलटी जोडलेली असते, नाहीतर बसायची जागा चुकलेली असते. एखादाच खालचा सूर फुगून घुमत असेल तर कोपरा, भिंत किंवा शोकेस बघा. अर्ध्या तासात कान थकत असतील तर उघड्या फरशा आणि काचा. गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध उभाच राहत नसेल तर पुन्हा वायर, किंवा दोन स्पीकरच्या भोवतालचा फरक. आणि काहीही लावलेलं नसताना गुणगुण येत असेल तर तो विजेचा मामला, त्याकडं शेवटी येऊ.

परीक्षेसाठी ओळखीचं काहीतरी लावा. दुकानात दाखवायला वापरतात तसली चकचकीत नमुन्याची रेकॉर्डिंग नकोत, त्यांवर कुठलीही सिस्टीम छान वाजते. माझ्याकडं तीन गोष्टी असतात. पहिली, आकाशवाणीची बातमी. एकट्या माणसाचं बोलणं कसं असतं हे आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. निवेदक नाकात बोलतोय किंवा पिंपातून बोलतोय असं वाटलं, तर तिथंच थांबून कारण शोधायचं. दुसरी, तंबोरा. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यानं जी जवारी खुलते, तिच्यात वरच्या स्वरांची झिरमिळ असते. ट्वीटर, म्हणजे पेटीतला वरचे स्वर काढणारा छोटा स्पीकर, बरा असेल तर ती झिरमिळ तरंगते, नाहीतर पत्र्यासारखी वाजते. खरा तंबोरा जवळून ऐकलेला नसेल तर मिरजेला सतारमेकरांकडं जाऊन तासभर बसा. तिसरी, तबला. चाट बोटाची वाटली पाहिजे आणि डग्ग्याचा घुमारा सुटून विरला पाहिजे, खोलीत रेंगाळता कामा नये.

कुमार गंधर्वांची रेकॉर्डिंगही मी लावतो. एक तर ते आपले, इथल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. दुसरं कारण कामाचं आहे. क्षयानं फुफ्फुस निकामी झाल्यावर त्यांचं गाणं छोट्या, टोकदार तुकड्यांत आलं आणि मध्ये शांत जागा आल्या. त्या जागांमध्ये श्वास ऐकू येतो का आणि मागचा तंबोरा चालू राहतो का, हे बघायचं. बारीकसारीक गिळून टाकणारी सिस्टीम तिथंच पकडली जाते.

एक पथ्य पाळा. आपल्याकडं मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या साउंडला 'डॉल्बी' म्हणतात. त्याच्यामागून चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी घरच्या सिस्टीमची परीक्षा घेऊ नका. मोठ्या आवाजानं कान तात्पुरते बधिर होतात आणि वरचे स्वर आधी जातात. कानात मळ साचला असेल तरी तेच. एका बाजूचा आवाज कमी येतोय म्हणून स्पीकर खोलायला निघालेल्या एका मित्राचा दोष डॉक्टरांनी पाच मिनिटांत काढला होता.

वायरींपासून सुरुवात

वीज बंद करा. नुसतं बटण नको, पिन बोर्डातून काढा. मग प्रत्येक स्पीकरची लाल टोकाची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल टोकालाच गेली आहे का, हे बोट ठेवून तपासा. दोन्ही स्पीकर उलटे असतील तर फारसं बिघडत नाही. पण एक सरळ आणि एक उलटा असेल, तर एकाचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो. खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणारा हवेत विरघळतो. नव्या सिस्टीमचा 'पातळ आवाज' यातून निघताना मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कुणाचाही फोन आला तर पहिला प्रश्न हाच असतो. भाच्याकडंही हेच निघालं. वायरीचे दोन्ही पदर सारखेच पारदर्शक, एकावर बारीक काळी रेघ, आणि ती रेघ संध्याकाळच्या उजेडात त्याला दिसलीच नव्हती.

खात्री कानानं करायची तर बातम्या मोनो करून, म्हणजे दोन्हीकडं एकच आवाज जाईल अशा, लावा आणि दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसा. आवाज नेमका मधून, एका ठिकाणाहून आला पाहिजे. शंका असेल तर वीज बंद करून एकाच स्पीकरच्या तारा उलट करून पुन्हा ऐका. जोडणी बरोबर असताना खालचा भरणा वाढलेला आणि आवाज मध्ये गोळा झालेला ऐकू येईल. डोळ्यांनी बघायचं असेल तर स्पीकरची वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवा, रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घ्या, अधिक टोक लाल तारेला आणि उणे टोक काळ्या तारेला क्षणभर लावा. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा बाहेर उडी मारेल. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत. ट्वीटरवर हा प्रयोग नको.

तारेच्या टोकाचे सुटे केस शेजारच्या टोकाला टेकले आहेत का, हेही बघा. अ‍ॅम्प्लिफायर मध्येच बंद पडत असेल तर बरेचदा एवढंच असतं. काही स्पीकरच्या मागं दोनऐवजी चार टोकं असतात आणि वरच्या-खालच्या जोड्या पितळी पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. वाहतुकीत पट्टी सैल झाली, किंवा खोक्यातच राहून गेली, तर एकटा वूफर वाजतो नाहीतर एकटा ट्वीटर. ट्वीटरला कान लावून खात्री करा, आवाज आधी लहान करून.

वायरीच्या जाडीबद्दल. तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची, पुष्कळ केसांची वायर घरच्या कुठल्याही अंतराला पुरते. इलेक्ट्रिकलच्या दुकानात 'अडीचची वायर' म्हणून मागा. दहा मीटर लांबीला, जाऊन-येऊन वीस मीटर धरले तर तिचा रोध ०.१४ ओहम भरतो. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या पातळ वायरीत तोच ०.७ ओहम होतो, आणि चार ओहमच्या स्पीकरला तो जाणवतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर मात्र टाळा, चाकूनं खरवडलं की आतून पांढरी निघते. माझी ती महागडी वायर अजून कपाटात आहे. जुनीत आणि तिच्यात फरक बायकोला कधी ओळखता आला नाही, आणि डोळे मिटल्यावर मलाही नाही.

डावं उजवीकडं, उजवं डावीकडं

एकाच बाजूला दोष असेल तर उपकरण उघडायच्या आधी अदलाबदल करा. वीज बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाशी डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आलटून लावा. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर. दोष दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर स्पीकर निर्दोष, गडबड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या मागं. मग स्पीकर जागेवर आणून सीडी प्लेयरच्या किंवा इतर सोर्सच्या डाव्या-उजव्या पिना आलटा. दोष सरकला तर सोर्स किंवा त्याची केबल, नाही सरकला तर अ‍ॅम्प्लिफायर. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दुरुस्तीवाल्याकडं जाताना नेमकं काय न्यायचं हे कळतं.

नव्या अ‍ॅम्प्लिफायरला जुने स्पीकर लावले असतील तर त्यांच्या पडद्याभोवतीची कड बघा. फोमची कड आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते, रबराची जास्त टिकते. दोन्ही हातांची बोटं पसरून पडदा हळूच आत ढकला. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय, तो स्पीकर आधी दुरुस्त करून घ्या. जुना अशक्त अ‍ॅम्प्लिफायर हे दुखणं झाकून ठेवतो, नवा उघडं पाडतो, आणि बोल मात्र नव्याला लागतो.

बटणं आणि मेनू

इथं एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं आणि ते घरोघरी वर्षानुवर्षं दाबलेलंच असायचं. आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर तुलनेनं फारच कमी ऐकू येतात. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं. ते बटण लहान आवाजात खालचे स्वर, आणि बरेचदा थोडे वरचेही, उचलून द्यायचं. आजच्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरना ते नसतं. वीस वर्षं लाउडनेस लावून ऐकलेल्या कानाला नवा, सरळ आवाज उपाशी वाटणारच. रात्री लहान आवाजात ऐकत असाल तर बास थोडा वाढवा. त्यात काही पाप नाही. टोन कंट्रोलला हात लावणं कमीपणाचं मानणारी मंडळी असतात, त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांचं ऐकूही नका.

टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलनं साध्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरला दिला असेल तर टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. टीव्ही सराउंडचा सांकेतिक प्रवाह पाठवत असेल तर साध्या अ‍ॅम्प्लिफायरला तो उलगडत नाही. मग एकतर शांतता, नाहीतर खरखर.

मोबाइलवरून ब्लूटूथनं ऐकत असाल तर मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमीजास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करा. अ‍ॅपमधला इक्वलायझर बंद करा, दर्जा 'डेटा सेव्हर'वर अडकला नाही ना ते बघा. एकदा तरी तीच फाइल केबलनं वाजवून बघा. फरक पडला तर दोष सिस्टीमचा नाही हे तिथंच कळेल.

मायक्रोफोन लावून स्वतः मोजमाप करणारा रिसीव्हर असेल तर मोजताना मायक्रोफोन बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर, खोली शांत आणि पंखा बंद. मोजून झाल्यावर मेनूत जाऊन त्यानं काय ठरवलं ते वाचा. छोट्या स्पीकरना तो कधी 'लार्ज' ठरवतो, मग सबवूफरला, म्हणजे फक्त खोल बास काढणाऱ्या वेगळ्या पेटीला, काम राहत नाही आणि छोटे वूफर धापा टाकतात. 'स्मॉल' करून ८० हर्ट्झवर (सेकंदाला ८० कंपनं) विभागणी ठेवली, म्हणजे त्याखालचे स्वर सबवूफरकडं दिले, की बहुतेक घरी बसतं. 'हॉल', 'स्टेडियम' वगैरे नावांचे मोड बंद. रात्रीचा मोडही बंद, तो डग्ग्याची उडीच दाबून टाकतो.

रेकॉर्ड प्लेयर असेल तर आणखी एक. सुईतून निघणारा सिग्नल पाचेक मिलिव्होल्टचा असतो, सीडी प्लेयरचा दोन व्होल्टपर्यंत जातो. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात, ते वाजवताना उलट करावे लागतात. हे दोन्ही काम फोनो विभाग करतो. नव्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनो नसेल आणि प्लेयर साध्या इनपुटला जोडला, तर डासाच्या आवाजात गाणं येतं. उलट, प्लेयरच्या पोटातला फोनो चालू ठेवून पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनोला जोडला तर गाणं फाटतं आणि घुमतं. प्लेयरच्या मागचं छोटं बटण एका बाजूला सरकवलं की झालं.

वॅटचा हिशोब

जुना अ‍ॅम्प्लिफायर २५ वॅटचा होता, नवा ५० चा आणला, तरी आवाज लहान का? स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा. जुने ९० डेसिबलचे आणि नवे ८४ चे असतील तर तेवढाच आवाज काढायला चौपट ताकद लागते, म्हणजे १०० वॅट. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल मिळतात. तुम्ही ३ कमावले आणि ६ घालवले. यात स्पीकर वाईट असं नव्हे. लहान पेटीतून खोल बास काढायचा तर सेन्सिटिव्हिटी सोडावी लागते. दिवाणखान्यात रोजच्या ऐकण्याला खरं तर चार-पाच वॅटही पुरतात, तेव्हा आवाज मोठा करून फाटत नसेल तर या हिशोबात फार अडकू नका.

दहा बाय बाराची खोली

आता खरं काम. आपल्याकडं नव्या बांधकामात दहा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट, ही खोली घरोघर. ध्वनीचा वेग २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराच्या लाटेची अर्धी लांबी बरोबर मावते तो स्वर तिथं अडकतो आणि फुगतो. बारा फुटांना हा स्वर ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, दहा फुटांना ५६ च्या. रुंदी दहा आणि उंचीही दहा, म्हणजे ५६ हर्ट्झवर दोघांची गर्दी. 'एकच सूर घुमतो' ही तक्रार इथून येते. नवे मोठे स्पीकर तिथपर्यंत उतरतात, जुने छोटे उतरतच नव्हते, म्हणून घुमणं नव्या स्पीकरबरोबर घरात येतं.

मातीच्या घरात हे का होत नव्हतं? पातळ लाकडी तक्तपोशी खालच्या स्वरांबरोबर स्वतः थरथरते आणि त्यांची ताकद पिऊन टाकते. उरलेला बास कौलांच्या फटींतून, उघड्या दारांतून बाहेर जातो. स्लॅब आणि विटा सिमेंटच्या, त्यांना काही पिता येत नाही. सगळं परत फेकतात.

म्हणून आधी स्वतःला हलवा, मग स्पीकरला. खोलीच्या बरोबर मधोमध त्या अडकलेल्या स्वराचा दाब शून्य होतो, तिथं बसलात तर बास गायब. मागच्या भिंतीला डोकं टेकून बसलात तर तोच स्वर सगळ्यात मोठा. आपले सोफे नेमके भिंतीला चिकटलेले असतात. सोफा एक फूट पुढं ओढूनही फरक पडतो. स्पीकर बारा फुटांच्या बाजूनं वाजवत असाल तर कान मागच्या भिंतीपासून चारेक फुटांवर येतील असं बसून बघा आणि तिथून पुढं-मागं सरका.

स्पीकर शोकेसच्या कप्प्यात असतील तर बाहेर काढा. घरच्यांचा विरोध होईल, पण याला पर्याय नाही. कप्पा स्वतः डब्यासारखा घुमतो, आणि ज्या स्पीकरच्या मागं भोक असतं त्यांचा श्वासच कोंडतो. दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट, आणि तुमच्यापासून दोघंही साधारण तेवढेच लांब. डोळ्यांनी नको, टेपनं मोजा. एका बाजूला दोन इंचांचा फरक असला तरी गाणारा सरकतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर, बसल्यावर जमिनीपासून तीन-सव्वातीन फूट. स्पीकरची तोंडं आधी सरळ समोर ठेवा, मग थोडी थोडी आत वळवा. गाणारा घट्ट झाला की थांबा. टोचायला लागलं की एक बोटभर मागं.

मागच्या भिंतीपासूनचं अंतर हा सगळ्यात नाजूक भाग. वूफरचा आवाज मागं जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. अंतर एखाद्या स्वराच्या पाव लांबीइतकं असेल तर परत आलेला आवाज नेमका उलटा येतो आणि त्या स्वराला खातो. वूफर भिंतीपासून एक मीटरवर असेल तर मार ८६ हर्ट्झला. माझ्या बाबतीत काय झालं ते गमतीचं आहे. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास येते. तिची पाव लांबी होते सुमारे १.२४ मीटर, म्हणजे चार फूट. आणि मी एका नियतकालिकात वाचून स्पीकर मागच्या भिंतीपासून बरोबर चार फूट पुढं ओढलेले. तंबोऱ्याचा पायाच मी स्वतः काढून घेतला होता! ते भिंतीच्या दोन फुटांवर नेल्यावर मार १४० च्या आसपास सरकला. तिथंही तो असतोच, पण आधीच्या फटक्यापेक्षा बराच सौम्य वाटला, आणि खर्ज परत आला. तुमच्या खोलीत आकडा वेगळा निघेल. चार-चार इंचांनी सरकवत ऐका, प्रत्येक जागा वहीत लिहा. मागचं आणि बाजूचं अंतर एकसारखं ठेवू नका, नाहीतर दोन्ही भिंतींचा मार एकाच स्वरावर बसतो.

सबवूफर असेल तर त्याची जागा शोधायची जुनी युक्ती आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास असलेलं काही लावा आणि भिंतीच्या कडेनं गुडघ्यावर रांगत ऐका. जिथं बास सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथं सबवूफर. घरचे हसतील, हसू द्या. नंतर त्याच्या मागचं फेजचं बटण दोन्हीकडं करून बघा आणि ज्यात डग्गा जास्त भरतो तिथं ठेवा. सबवूफर वाजतोय हे वेगळं कळलं तर त्याचा आवाज जास्त झालाय.

वाकळ, घोंगडं आणि पुस्तकांचं कपाट

बसायच्या जागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागून 'झिंग' असा लोखंडी शेपूट ऐकू आला तर टोचण्याचं कारण सापडलं. गुळगुळीत फरशी, रिकाम्या भिंती, मोठी काच. स्पीकर आणि तुमच्या मध्ये जाड सतरंजी किंवा जाजम घाला. मग आरशाची युक्ती. तुम्ही बसा, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. जिथं आरशात ट्वीटर दिसेल, तिथूनच आवाज भिंतीवर आपटून कानात येतोय. त्या जागी काहीतरी मऊ, जाड. बाजारातले शोभेचे फोम कशाला? घरात वाकळ असतेच. आजीच्या लुगड्यांचे थर शिवलेली जड वाकळ भिंतीपासून दोन-तीन इंच सुटी टांगली की चांगलं काम करते, घोंगडंही. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, पुस्तकं पुढं-मागं, ओळीत न लावता.

पण वाकळ बास सोडवत नाही. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर, तिला दोन इंचांचं कापड दिसतसुद्धा नाही. बास जागेनंच सुटतो. आणि उलट अतिरेकही नको. भिंतीभर कापड लावलं की वरची झिरमिळ मरते, खालचं घुमणं तसंच राहतं, आणि खोली गोदामासारखी वाटते. मी तेही केलंय.

इंटरनेटवर २० ते २०० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर मिळतो. तो मध्यम आवाजात लावा आणि घरभर हिंडा. कुठं कपाटाची काच, कुठं खिडकीचं ग्रिल, कुठं मांडणीवरची ताटं झणझणतील. मी आठवडाभर ट्वीटर फाटला म्हणून रडत होतो, तो देव्हाऱ्यातल्या घंटेचा आवाज निघाला.

गुणगुण

खालचा, सलग 'हूं' असा आवाज बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यामुळं येतो. उपकरणं वेगवेगळ्या बोर्डांवर, आणि त्यांतून टीव्हीच्या केबलची अर्थ वेगळीकडून. अ‍ॅम्प्लिफायरच्या सगळ्या इनपुट काढा. शांत झालं तर एकेक लावत जा, ज्यानं गुणगुण आली ते दोषी. टीव्ही निघाला तर डिशची किंवा केबलची वायर टीव्हीतून काढून बघा. बरेचदा तिथंच संपतं. सगळी उपकरणं एकाच पट्टीवर आणा. रेकॉर्ड प्लेयरची बारीक अर्थची तार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आहे का ते बघा. तीन पिनांतली अर्थची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गुणगुण जाईल, पण एखाद्या दिवशी धातूच्या खोक्याला हात लावल्यावर जीवही जाऊ शकतो. त्यापेक्षा वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग मोजून घ्या.

पावसात वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकताना खरखर वाढत असेल तर तो चौकोनी लाटेचा स्वस्त इन्व्हर्टर असेल. ट्रान्सफॉर्मर त्यावर भुणभुणतो. अशा वेळी ऐकणं थांबवा, किंवा प्युअर साइन वेव्हचा घ्या.

पावसाळ्याचं आणखी एक. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीचिंब असते. पिनांवर कीट चढतो आणि एखादी बाजू अधूनमधून जाते. पिना काढून-घालून चार वेळा फिरवा, नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. स्पीकरच्या मागच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. माझ्या डाव्या स्पीकरचा बास दोन महिने त्या घरानं अडवला होता. टॉर्च मारून बघत चला.

ठेवायचं की परत करायचं

एवढं सगळं करूनही मन भरलं नाही, तर जुन्या-नव्याची तुलना नीट करा. परत करायची मुदत आधी बघून ठेवा. 'शंभर तास वाजवा, मोकळा होईल' असं कुणी सांगितलं आणि त्यात मुदत टळली, तर नुकसान तुमचं. स्पीकरचा पडदा पहिल्या काही तासांत थोडा सैल होतो हे खरं, पण पत्र्याचा आवाज मखमली होत नाही. सवय मात्र कानाला होते.

तुलना करताना दोन्हींचा आवाज मोबाइलमधल्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपनं सारखा करा. एका डेसिबलनं मोठा आवाज 'चांगला' वाटतो, मोठा वाटत नाही. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं. घरातल्या कुणाला तरी न सांगता बदलायला सांगा आणि तुम्ही पाठमोरे बसा. बदलायचंच ठरलं तर पैसा आधी स्पीकरवर, अ‍ॅम्प्लिफायरवर नंतर, वायरीवर सगळ्यात शेवटी. स्पीकर दुकानात ऐकून न घेता चार दिवस घरी आणून ऐकायला मिळत असतील तर तेच दुकान धरा.

जुनी रेकॉर्डिंग नव्या सिस्टीमवर खरखरीत वाटतील. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यांत वरचे-खालचे स्वर मुळातच फारसे नाहीत, आणि आता सुईची खरखरही ऐकू येऊ लागते. त्यांना ट्रेबल जरा कमी करून ऐका.

जागा एकदा सापडली की स्पीकरच्या चारही कोपऱ्यांशी फरशीवर चिकटपट्टीच्या बारीक खुणा करा आणि सोफ्याच्या पुढच्या पायांशीही. गणपतीच्या आधी घर झाडताना सगळं हलणारच, आरास मांडायला डावा स्पीकर कोपऱ्यात जाणारच. आमच्याकडं पहिल्या वर्षी खुणा नव्हत्या. अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा टेप घेऊन मी फरशीवर बसलो होतो आणि बायको दारातून विचारत होती, "अजून काय मोजूलालाय?"